सात सूत

१४ ऑक्टोबर १९५६, रविवार. दसरा.

आजपर्यंत स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: पाठीवरच्या पिशव्या चार, लष्करी लिलावातल्या जाड कापडाच्या. पितळी स्टोव्ह एक. पाण्याचे डबे चार, झाकणाला रबराची चकती. घडीचा कंदील एक. नकाशा एक, कर्जतपासून भीमाशंकरच्या माथ्यापर्यंत, मेणकापडावर. तंबू एक, चौघांचा, कापडाला मेण पाजलेलं; शिवण बायकोची, मालनची; बेतणं आणि कापणं माझं. दोन वर्षं गेली. कुणाला विचारलं नाही. पुस्तकं फूटपाथवरून आणली, आणि जिथे इंग्रजी अडलं तिथे आकृती बघून पुढे गेलो. मराठी चौथीनंतर शाळा पाहिली नाही, हेही लिहून ठेवतो. लोक ते विसरत नाहीत, मग मी तरी का विसरू?

नाताळच्या सुट्टीत चार दिवस भीमाशंकरचं रान. कर्जतहून खांडसपर्यंत पायी, तिथून शिडीच्या वाटेने वर, मुक्काम रानात. देवळात नाही, गुरवाच्या पडवीत नाही. हमाल नाही, घोडा नाही. आपलं ओझं आपल्या पाठीवर. चौघे जण: मी, मालनचा भाऊ जयवंत, शेजारच्या खोलीतला अनंत सबनीस, आणि सबनीसचा बोरीवलीचा मित्र चंद्रप्रकाश, जो विमा विकतो आणि कॅमेरा बाळगतो.

मालनने सकाळी माझी हत्यारं पाटावर मांडली, झेंडू वाहिला. सबनीस सोनं द्यायला आला, पाटाकडे बघून म्हणाला, "मार्तंडराव, फूटपट्टीचीसुद्धा पूजा?"

सांगितलं, ही साधी पट्टी नव्हे. कुर्ल्याला ज्या ओतकामाच्या कारखान्यात मी लाकडी फर्मे करतो, तिथली आहे. तापलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात गार होताना आकसतं, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून फर्मा तेवढा मोठा करावा लागतो. या पट्टीवरचा इंचच मुळी तेवढा वाढवून आखलेला. आखला मी.

"म्हणजे चुकीची पट्टी म्हणा की!" असं म्हणून हसला.

बी. ए. आहे. संस्कृत घेऊन. वीस वर्षं सरकारी कागदांना टाचण्या टोचतोय, तिथेही दोन टाचण्या एका रेषेत येत नसतील.

साधी पट्टी, माझी घडीची पितळी, जयवंताला नोकरी लागली तेव्हा त्याला दिली. मला तिच्यावाचून अडत नाही. हाताला एक पट्टी बसली की दुसरी लागत नाही.

१६ ऑक्टोबर

आमच्या खोलीत बैठक. नियम वाचून दाखवले. माणशी वीस पौंड, वर एक औंस नाही. तराजू मधोमध ठेवला होता.

सबनीसने काढलं ते: वळकटी, मच्छरदाणी, तांब्या-फुलपात्र, पत्त्यांचे दोन जोड, पानाचा डबा आणि लोणच्याची चिनीमातीची बरणी.

"बरणीला दादरा बांधलाय, मार्तंडराव. सांडायची नाही."

"सांडण्याचं बोलतच नाही मी. वजनाचं बोलतोय."

"अहो, पण लोणच्याशिवाय भात उतरायचा कसा घशाखाली?"

"आधी तुम्ही चढा. मग भाताचं बघू."

जयवंत फिसकन हसला. चंद्रप्रकाशने विचारलं, "वर चहाचं हॉटेल असेलच ना? आणि खांडसला एखादा माणूस घेऊ यार, रुपया-दीड रुपयात सगळं उचलेल. आपण फोटो काढत मोकळे!"

अशा माणसांनी डोंगर चढू नये, डोंगराचं चित्र भिंतीला लावावं.

तंबूच्या माथ्याचा दांडा जयवंतावर सोपवला. बांबूचा, बरोबर सात फूट, दोन तुकड्यांत, मध्ये पितळी नळी. घाटकोपरला मोटारींच्या बॉड्या बांधतो, एवढं त्याला जमेल. शिकवलंय मीच.

१९ ऑक्टोबर

जयवंताची पिशवी पुरी केली. डावा पट्टा पाऊण इंच उतरता ठेवला. त्याचा तो खांदा पडका आहे. मालनचे वडील गेले आणि चौदाव्या वर्षी तो आमच्याकडे आला, तेव्हापासून नळावरचं पाणी त्याच खांद्यावरून आणायचा. पिशवी अंगाला बसली नाही तर तिसऱ्या मैलाला माणूस कुरकुरतो. बाकीच्या पिशव्या एकाच मापाच्या. सबनीसच्या खांद्यांत मोजण्यासारखं काही नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

फजिती. सगळं क्रमाने लिहितो.

मुलुंडच्या मागच्या डोंगरात, तुळशी तलावाच्या अलीकडच्या सपाटीवर तंबूची चाचणी. सबनीस पायांत पंपशू घालून आला होता. चंद्रप्रकाशने डोक्यावर साहेबी हॅट चढवली होती आणि दर दहा पावलांना "फर्स्टक्लास! फर्स्टक्लास!" म्हणत होता. झुडपाला, दगडाला, शेणाच्या पोवालाही फर्स्टक्लास.

तंबू उभा केला. उभे खांब माझे, मेखा माझ्या. जयवंताने माथ्याचा दांडा कापडाच्या दोन टोकांच्या चामडी खिशांत बसवला. आणि तंबूची पाठ म्हाताऱ्या घोड्यासारखी मध्ये झोलली. ताणला, पुन्हा मेखा ठोकल्या, झोल जाईना.

दोन वाजता परतीच्या पावसाची एक जोराची सर आली. चौघे आत. झोलात पाणी साचलं. मी ओरडून सांगितलं की आतून कापडाला हात लावू नका, आणि सबनीसने, ज्याला दोन भाषांतलं कळतं, बोटाने झोल वर ढकलला. धार थेट चंद्रप्रकाशच्या कॅमेऱ्यावर.

"हा तंबू आहे की चाळण?" चंद्रप्रकाश.

"नवीन प्रयोग आहे त्यांचा," सबनीस म्हणाला, आणि दोघे हसले. दोन वर्षांच्या कामावर.

पाऊस थांबल्यावर दांडा काढला आणि सगळ्यांदेखत माझी पट्टी लावली. सहा फूट अकरा इंच एक सूत. सात सूत कमी! जवळपास एक इंच!

"जयवंता, हे सात फूट?"

"भावोजी, माझ्या पट्टीवर सात भरला. तीनदा बघितलंय."

"मग तुला पट्टी वाचता येत नाही. एवढी वर्षं शिकवलं ते गटारात गेलं. मोटारींना पत्रे ठोकून ठोकून हात जड झाले तुझे. अशा माणसाच्या भरवशावर मी डोंगरात जात नाही. नाताळला तू येऊ नकोस."

तो माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग सबनीसकडे पाहिलं, चंद्रप्रकाशकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"चुकलं असेल, भावोजी," एवढंच म्हणाला.

चूक पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो.

२२ ऑक्टोबर

मालन भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अहो, कापड कुठल्या पट्टीने कापलंत?"

"माझ्या."

"आणि दांडा त्याने?"

"त्याच्या."

"मग?"

बायका प्रश्न अर्धा टाकतात आणि भाकरी उलटतात. म्हटलं, भावाची बाजू घ्यायची तर सरळ घे. ती म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं?" आणि मला करपलेली भाकरी वाढली. तिच्याकडून भाकरी करपत नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

नवा दांडा केला. माझ्या पट्टीने सात फूट, केसाचाही फरक नाही. चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत तंबू उभारला. पाठ तबल्यासारखी ताठ! सिद्ध झालं. जयवंताचाच दांडा आखूड होता.

सबनीसला बोलावून दाखवलं. त्याने टिचकी मारून पाहिली. "वा, वा. मग आता जयवंताला बोलवायला हरकत नाही ना?"

या माणसाला एखादी गोष्ट सिद्ध करून दाखवणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर आकृती काढणं. म्हटलं, दांडा बदलता येतो, माणसाचा हात बदलत नाही.

जुना दांडा माळ्यावर टाकला.

४ नोव्हेंबर. भाऊबीज.

आला. बहिणीकडे न येऊन जातो कुठे! मालनने ओवाळलं, त्याने ओवाळणी घातली. माझ्याशी इकडचं तिकडचं बोलला, की बॉडीच्या कारखान्यात नवा साहेब आलाय, पोर शाळेत रडतं. डोंगराचं नाव नाही. मीही काढलं नाही. तीन करंज्या खाल्ल्या. एरवी सहा खातो.

जाताना घडीची पट्टी खिशातून काढून माझ्या पाटाशेजारी ठेवली.

"ही राहू दे इथे, भावोजी. घरात एक असलेली बरी."

मी म्हटलं, "दिलेली वस्तू परत आणून टाकतोस? एवढा राग?"

"राग नाही हो. लागेल तुम्हाला."

मला! चौदा वर्षांचा होता तेव्हा याला पेन्सिल धरायला मी शिकवलं. पट्टी होती तशीच पाटाजवळ राहिली. मालनने उचलून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली. मी हात लावला नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

सबनीसने आज जिन्यात गाठलं. आधी बराच घसा साफ केला.

"मार्तंडराव, राग मानू नका. आम्ही जयवंताशी बोललो. चंद्रप्रकाश म्हणाला, तो बरोबर असला की जरा... मोकळं वाटतं."

"मोकळं म्हणजे?"

"म्हणजे तराजू वगैरे नसतो हो."

तर हे असं आहे. ते तिघे नाताळला निघणार. माझी वाट, माझा मार्ग, माझ्या मुक्कामाच्या जागा. सबनीस बरणी नेणार असेल. मी म्हटलं, अवश्य जा, गुरवाकडे पुरेसा भात असतो. मग खोलीत शिरलो आणि दार लावलं. सबनीसच्या तोंडावर.

मालन म्हणाली, "आता तुम्ही कुणाबरोबर जाणार?" म्हटलं, एकटा. तिने फक्त तंबूच्या गाठोड्याकडे पाहिलं. चौघांचा तंबू आहे, एकट्याने वाहता येत नाही, हे मला सांगायला नको. ओझ्याची वाटणी मीच केली होती.

२ डिसेंबर, रविवार

मालनने फळी झाडताना घडीची पट्टी खाली काढली आणि माझ्यासमोर चटईवर ठेवली. माझी पट्टी तिथेच होती, मी दिव्याच्या खोक्याचं झाकण आखत होतो. ती झाडू घेऊन बाहेर गेली.

दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी पडल्या होत्या. टोकं जुळवली.

घडीची मग परत फळीवर ठेवली. झाकण आज झालं नाही.

सबनीसकडे रेडिओवर कुणीतरी रडक्या आवाजात गात होतं, संध्याकाळभर. ज्याला गाता येत नाही त्याला रेडिओवर घेतात आणि ज्याला ऐकता येत नाही तो तो विकत घेतो.

९ डिसेंबर, रविवार

मालन घाटकोपरला भावाकडे गेली होती. तंबू खाली काढून माथ्याची शिवण उसवली. कापड सात सूत आत घेतलं, दोन्ही खिशांकडे अर्धं-अर्धं, मापं घडीच्या पट्टीने. मशीन मला चालवता येतं. मालन समजते तसं अवघड काही नाही. धागा दोनदा तुटला. तिने तेल दिलं नव्हतं.

माळ्यावरून जुना दांडा उतरवला. बसवला.

बसला.

बांबू चांगला निवडला होता. सांध्यावरची पितळी नळी इतकी नीट घासलेली की बोटाला जोड लागत नाही. हे काम मी असताना करायला हवं होतं त्याने, म्हणजे तेव्हाच दिसलं असतं.

नवा दांडा गॅलरीत बांधला, धुणं वाळत घालायला. मालन परत आली, दांड्याकडे बघितलं, म्हणाली, "बरा लांब आहे." मी पेपर वाचत होतो.

१६ डिसेंबर, रविवार

सबनीस आणि चंद्रप्रकाश घरी. मालनने चहा केला. चंद्रप्रकाश बशीत ओतून फुर्र करून प्याला आणि कामाचं बोलला.

"मार्तंडराव, चोरबाजारात एक लष्करी तंबू बघितला, पण त्याला मेलेल्या खेचराचा वास येतो. तुमचा विकत द्या. रोख देतो. बोरीवलीला आम्ही एक मंडळच काढतोय डोंगरात जाणाऱ्यांचं, पुढेही उपयोगी पडेल."

"चाळण आहे ना तो?"

"अहो, जाऊ द्या ते. जयवंताने सगळं सांगितलं. कापडात काही दोष नाही, दांडा त्यानेच आखूड कापला होता. घाईत होता म्हणाला."

"असं म्हणाला?"

"दोनदा म्हणाला. मीच म्हटलं, बाबा, कितीदा कबूल करशील!"

मालन दाराशी ट्रे घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, असं मला वाटतं. मी तिकडे पाहिलं नाही.

सबनीस पुढे सरकला. "आणि नुसता तंबू नको. तुम्हीही चला. पुढारी तुम्हीच. ही जयवंताची अटच आहे, भावोजी नसतील तर शिडीची वाट नको म्हणतो. बरणी मी घरी ठेवतो, वाटल्यास."

'वाटल्यास'! हा त्यांचा मोठेपणा. चार दिवस या माणसाचे श्लोक आणि त्या माणसाचं फर्स्टक्लास ऐकत चालायचं. आणि माथ्यावर तंबू उभारताना त्यांनी जयवंताला चिडवायचं की बघ रे, या वेळी पुरला का दांडा? आणि त्याने हसायचं. आणि मी मेखा ठोकत राहायचं.

आकडा ऐकला. तंबू विकायचा नाही, असं सांगितलं. मी येणार नाही, हेही. चंद्रप्रकाश जिन्यात मोठ्याने म्हणाला, "काय विक्षिप्त म्हातारा आहे!" मला पन्नासही झालेली नाहीत.

२१ डिसेंबर

मालन संध्याकाळी घाटकोपरला निघाली. म्हणाली, "जयवंताला वाटेसाठी दशम्या देऊन येते." दशम्यांचं गाठोडं एवढं मोठं नसतं आणि त्यातून बांबूची दोन टोकं बाहेर येत नाहीत. खुंटीवरून पिशवीही नाहीशी झालेली, डावा पट्टा उतरता असलेली. मला विचारलंसुद्धा नाही.

तंबूचं गाठोडं मी सकाळीच बांधून दाराजवळ ठेवलं होतं, उंदरांच्या भीतीने. माळ्यावर उंदीर फार झालेत. नकाशा पिशवीच्या बाहेरच्या खिशात होता, तोही गेला असणार.

२२ डिसेंबर, शनिवार

जयवंत भल्या सकाळी दारात. पाठीवर पिशवी, तिच्यावर तंबू आडवा. सबनीस अजून शेजारी मफलर शोधत होता.

मी भोवती फिरून पाहिलं. पट्टे बरोबर बसलेत. खांदा दोन्हीकडे सारखा दिसत होता.

"भावोजी, चला ना. तुमचीही पिशवी तयारच आहे, मला माहीत आहे."

"ओझं तोललंस?"

"वीस पौंडांना दोन औंस कमी."

"दोन औंस कमी का? साखर घे दोन औंस. वर थंडी असते."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "तंबू रात्री अंगणात उभारून बघितला. माझा दांडा... भावोजी, बसला हो."

"बसणारच. सात फुटांचा आहे."

  फळीवरची घडीची पट्टी काढून त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली. म्हटलं, दिलेली वस्तू परत करत फिरू नये, आणि सबनीसला आतून कापडाला हात लावू देऊ नकोस. मालन आत नाक ओढत होती. स्टोव्हचा धूर असेल, तिने दुकानातला वापरायला काढलाय.

सबनीस बाहेर आला. मफलर, कानटोपी आणि काखेत बरणी. "मार्तंडराव, अजूनही विचार करा!" म्हणाला. त्या बरणीबरोबर मी जिनाही उतरणार नाही.

दोघांना वळणापर्यंत पाहिलं; चंद्रप्रकाश स्टेशनवर भेटणार होता. जयवंत सरळ चालत होता.

आकडा त्या दिवशी लिहिला नव्हता, तो लिहून ठेवतो. तंबूचे चंद्रप्रकाशने एकशे ऐंशी रुपये देऊ केले होते, माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा बारा जास्त. मी घेतले नाहीत.